तीन-वीसची चिठ्ठी

मंगळवार, ७ ऑक्टोबर

काल काय झालं ते आधी क्रमाने.

१. सकाळी ९:४० ला आन्सानच्या घरून निघालो. मी, नवरा निनाद, आमची शरयू, माझे बाबा. छुसॉकची, इथल्या सुगीच्या सणाची सुट्टी, त्यामुळे रस्ते भरलेले. किनाऱ्यावर पोचायला ११:५०.
२. समोर छोटं बेट आहे. ओहोटीला दगडांची वाट उघडी पडते, पायी जाता येतं. अंतर साधारण पाचशे मीटर. फाटक नाही, माणूस नाही. ‘तक्ता बघूनच जा’ एवढी एक पाटी, कोरियनमध्ये.
३. १२:३० ला जेवण. पुलाव, केळी, शरयूसाठी किंबाप, तिचे आवडते भाताचे रोल.
४. १:०५ ला बाबा शरयूला घेऊन बेटाकडे निघाले. निनाद रात्रपाळी करून आलेला, गाडीत झोपला. मी कामाच्या फोनवर.
५. परतायची वेळ चुकली.
६. २:२५ ला ते दोघं परत वाटेवर आले, तेव्हा मधला भाग पाण्याखाली होता. बाबांनी तिला खांद्यावर घेऊन यायचा प्रयत्न केला. वीसेक मीटरवर पाणी कमरेला लागलं. मागे फिरले.
७. २:३१ ला मी मान वर करून पाहिलं. २:३३ ला ११९ ला, बचाव पथकाला फोन.
८. ३:०८ ला बचाव बोट त्यांच्यापर्यंत पोचली. दोघंही भिजलेले, कुडकुडत. शरयूला काही लागलं नाही. बाबांचा डावा गुडघा दगडांवरच्या कालवांनी कापला. चार टाके.
९. सात वाजता घरी. कोजागिरीचं दूध आणलेलं तसंच राहिलं.

मुद्दा ५ अपुरा आहे. उद्या.

बुधवार, ८ ऑक्टोबर

मुद्दा ५, पूर्ण.

सहल मुळात आजची होती, बुधवारची. मी गेल्या गुरुवारी सरकारी तक्ता उघडून बुधवारची वेळ उतरवली. वाट उघडी सकाळी ११:४० ते दुपारी ३:२०. बाबांना फोनवरचं बारीक दिसत नाही, म्हणून जाड कागदावर, देवनागरी आकड्यांत, मोठं. शुक्रवारी निनादला निरोप आला — बुधवारी कारखान्यात या. सहल सोमवारवर आणली. चिठ्ठी तीच राहिली. सोमवारी वाट १:५० लाच बंद होणार होती.

ती चिठ्ठी १:०५ ला मीच बाबांच्या हातात दिली. फोन कानाला होता.

माझी नोकरी व्हॉल्व्हच्या कारखान्यात. ड्रॉइंग बदललं की जुनं प्रत्येक मशीनवरून काढून घ्यायचं, नवं लावायचं, सही घ्यायची. सात वर्षांत एकही जुनी रिव्हिजन माझ्या हातून मशीनवर राहिलेली नाही. हे मी मुलाखतींत सांगते.

दवाखान्यात टाके घालत होते तेव्हा निनादने विचारलं, “बाबा, वाट एक-पन्नासला बंद होणार होती. केतकीने तुम्हाला वेळ सांगितली नव्हती का?”

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, “सांगितली होती रे. माझ्याच डोक्यातून गेली.”

मी शरयूचे ओले मोजे काढत होते. दोनच मोजे. ते काढून झाले, तरी मी बोलले नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

सुट्टीचा शेवटचा दिवस. बाबांचं जॅकेट धुवायला काढलं. आतल्या खिशात चिठ्ठी — भिजून वाळलेली, घडीवर फाटलेली. बॉलपेनची शाई गेलेली नाही. ३:२० स्वच्छ वाचता येतं. या वहीत ठेवली.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत, गाडीत बसून लिहिते आहे. कँटीनमध्ये सगळे सुट्टीत काय केलं ते विचारतात.

काल संध्याकाळी माझ्या दादाचा ठाण्याहून फोन. निनादने स्पीकरवर ठेवला. बाबा खाली शरयूला झोक्यावर घेऊन गेलेले होते, म्हणून निनाद खिडकीतून दर मिनिटाला बघत होता.

“मी म्हणतच होतो,” दादा म्हणाला. “मे महिन्यात गॅस चालू ठेवून देवळात गेले होते.”

“इथे परवा चुकीच्या मजल्यावर गेले,” निनाद म्हणाला. “दुसऱ्याच्याच दाराच्या कुलपाचे आकडे दाबत बसलेले.”

चुकीच्या मजल्यावर मीही गेले होते गेल्या वर्षी. तेव्हा सगळे हसले होते.

“पनवेलजवळ एक जागा आहे,” दादा म्हणाला. “विसरणाऱ्या लोकांसाठीच आहे. चोवीस तास नर्स. स्वच्छ आहे. मी बघून आलोय.”

“बघून कधी आलास?” मी विचारलं.

“जूनमध्ये.”

जूनमध्ये तर बाबांचं इकडे यायचंही ठरलं नव्हतं. आई गेल्यावर दोन वर्षं गावी एकटे राहिले, ऑगस्टमध्ये आमच्याकडे आले. नव्वद दिवसांसाठी. व्हिसाची मुदत १८ नोव्हेंबरला संपते, आणि ती वाढवायची असं आमचं ठरलं होतं. शरयूची बालवाडी साडेतीनला सुटते, आम्ही दोघं सात वाजता येतो. हेही एक कारण होतं. एकच नव्हतं.

फोन ठेवल्यावर निनाद म्हणाला, “मला बाबांचा राग नाही आलेला. ते तुलाही माहितीये. पण शरयूला मी परत त्यांच्याबरोबर एकटी सोडू शकत नाही. तू सोडशील?”

मी म्हटलं, “आधी तपासणी करू. मग ठरवू.”

हे उत्तर नव्हतं.

रविवार, १२ ऑक्टोबर

बाबा आठवडाभर खाली खेळायला गेले नाहीत. आमच्या इमारतीखाली ज्येष्ठांची खोली आहे. तिथे ते रोज प्यो आजोबांशी बुद्धिबळ खेळतात — इथलं बुद्धिबळ, हत्ती वेगळे चालतात. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नाही. भांडणं मात्र होतात.

आज प्यो आजोबा वर आले. हातात पट आणि पिशवीत चार नासपती. दारातच मला म्हणाले, “काय गं पोरी, तुझा बाप हरायला भ्याला म्हणून लपलाय का?”

मी बाबांना सांगितलं.

“सांग त्याला,” बाबा कॉटवरून म्हणाले, “माझं डोकं आता चालत नाही. दुसरा कोणीतरी बघ म्हणावं.”

मी तसंच सांगितलं. प्यो आजोबांनी बूट काढले, आत आले, पट मांडला. “माझं तरी कधी चाललंय? म्हणून तर जोडी जमली. विचार त्याला, पांढरी घेतोस का मीच घेऊ?”

“पांढरी नाहीच आहेत यांच्यात,” बाबा म्हणाले. “लाल आणि हिरवी. इतक्या वर्षांत याला तेवढंही येत नाही?”

“काय म्हणतोय?”

“तुम्हाला रंग कळत नाहीत म्हणाले.”

“ऐकलंस? हा म्हणे विसरतो.”

बाबा दोन डाव जिंकले. तिसऱ्यात हत्ती समोर उघडा असताना त्यांनी मारला नाही. प्यो आजोबांनी माझ्याकडे बघितलं, मग पटाकडे. नासपती ठेवून गेले.

सोमवार, १३ ऑक्टोबर

आणखी एक गोष्ट आहे. ती मी ७ तारखेला लिहिली नाही, ८ ला लिहिली नाही.

बाबा बत्तीस वर्षं खाडीतल्या तरीवर होते, माणसं पलीकडे पोचवायला. होडी, मग लाँच. आपल्याकडे तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ येते. पुनवेला भर दुपारी भरती. ऑगस्टमध्ये इथे आले तेव्हा पहिल्या आठवड्यात रोज खाडीपर्यंत चालत गेले, कालनिर्णयावर पेन्सिलने खुणा केल्या, आणि एक दिवस जेवताना म्हणाले, “इथे उलटं आहे. पुनवेला भर दुपारी सुकती. समुद्र तोच, शिस्त निराळी.” मी तक्त्याशी ताडून बघितलं. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त फरक कुठेच नव्हता.

सोमवारी चिठ्ठी हातात घेऊन त्यांनी वाचली आणि म्हणाले, “तीन-वीस? कसं गं? आज पुनव. माझ्या हिशेबाने पावणेदोनला पाणी वाटेवर यायला हवं.”

मी फोनवर हात ठेवला आणि म्हटलं, “बाबा, सरकारी तक्ता आहे तो.”

“बरं,” ते म्हणाले. “तू बघितलंयस ना? मग झालं.”

हे सगळं एका मिनिटापेक्षा कमी वेळात झालं.

म्हणजे ते विसरले नाहीत. त्यांचा हिशेब बरोबर होता, तो त्यांनी माझ्या शब्दावर सोडून दिला. आणि दवाखान्यात खोटं बोलले. मला वाचवायला.

मी का बोलत नाही? निनाद ओरडणार नाही. त्याला मी ओळखते. तो फक्त मान हलवेल, आणि मग यापुढे माझं प्रत्येक काम एकदा स्वतः तपासून घेईल. या घरात एक माणूस चुकत नाही असं ठरलेलं आहे. तो माणूस मी आहे. सगळं त्याच्यावर उभं आहे — व्हिसाचे कागद, गॅस, शरयूच्या लसी, गाडीची तपासणी. मी दमले आहे, पण ते उतरवून ठेवायचं कसं ते येत नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

बालवाडीच्या वहीत बाईंनी लिहिलंय: आज शरयूने समुद्र काढला. आजोबा पाण्यात, ती आजोबांच्या डोक्यावर. किनाऱ्यावर आई, हातात फोन. चित्र छान आहे. घरी याविषयी बोलावं.

शरयूला विचारलं, बेटावर आजोबा काय म्हणाले?

“हारबोजी म्हणाले, पाणी वेळेवरच आलं. आपण उशिरा.” मग थोड्या वेळाने, “आई, हारबोजींच्या पायातून रक्त आलं, ते म्हणाले रंग आहे. पण मला माहिती होतं.”

ती त्यांना ‘आजोबा’ अशी कोरियनमध्येच हाक मारते. त्यांनी कधी सुधारलं नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

अर्धा दिवस रजा. आरोग्य केंद्रात स्मरणशक्तीची तपासणी. साठीवरच्यांना विनाशुल्क. दुभाषी मीच.

तपासणारी बाई माझ्याच वयाची असेल. राखी स्वेटर, पेन्सिलला टोक काढून ठेवलेलं. “कशामुळे आणलंत?”

मी बाबांना विचारलं.

“सांग तिला,” बाबा म्हणाले. “पाण्याची वेळ विसरलो. नातीला घेऊन अडकलो.”

मी सांगितलं. तिने लिहून घेतलं. “वेळ त्यांना कोणी सांगितली होती?”

हे मी बाबांना विचारलं नाही. म्हटलं, “मी.”

“बरोबर सांगितली होती?”

“हो.”

बाबांनी विचारलं, “काय म्हणते?”

“तुमचं वय विचारतेय.”

“एकाहत्तर सांग.”

इतके दिवस मी फक्त गप्प होते. आज बोलले. बाबांना कळत नाही त्या भाषेत, त्यांच्या शेजारी बसून.

पुढे प्रश्न सुरू झाले. आजची तारीख? “आश्विन वद्य दशमी,” बाबा म्हणाले. “इंग्रजी सोळा.” ऋतू कोणता? “शरद.” मी ‘शरद’चं भाषांतर करेपर्यंत तिने काहीतरी खूण केली. घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं. त्यांनी काढलं, आकडे सरळ, काटे बरोबर. सुरुवातीला तिने तीन शब्द सांगून ठेवले होते — छत्री, मेंढी, चमचा. पाच मिनिटांनी परत विचारले.

“छत्री,” बाबा म्हणाले. “मेंढी.”

तिने पेन्सिल कागदावर टेकवली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.

“तिसरा नाही आठवत. लिही म्हणावं.”

खरंच आठवला नाही, की माझ्यासाठी आठवला नाही — मला सांगता येत नाही.

निकाल काठावरचा. दुभाष्यामुळे थोडा फरक पडू शकतो, म्हणाली. पण घडलेला प्रसंग लक्षात घेता दुसरी तपासणी करून घ्या. ३० तारीख दिली. ‘घडलेला प्रसंग’ या शब्दांखाली तिने रेघ ओढली होती.

लिफ्टमध्ये बाबा दाराकडे बघत म्हणाले, “चमचा.”

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

निनादने निकालाचा कागद दोनदा वाचला. “काठावर म्हणजे काठावर. दुसऱ्या तपासणीने काय वेगळं निघणार?” दादाने पनवेलच्या लोकांशी बोलून घेतलं आहे. तिकीट १ नोव्हेंबरचं, राखून ठेवलंय. शुक्रवार २४ पर्यंत पक्कं करायचं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते शरयूच्या पेन्सिली तासत होते.

“चालेल,” म्हणाले. “थंडी पडायच्या आत गेलेलं बरं. आणि गावचं घर?”

“दादा बघेल,” निनाद म्हणाला.

“म्हणजे कुलूप,” बाबा म्हणाले. पेन्सिल तासत राहिले. चांगली पेन्सिल निम्मी झाली.

शनिवार, १८ ऑक्टोबर

धनत्रयोदशी. आकाशकंदील दर वर्षी बाबा करतात. या वर्षी काड्या आणून ठेवल्या होत्या ऑगस्टमध्येच. तशाच आहेत. मी काहीच केलं नाही. कपडे धुतले, घड्या घातल्या. शरयूला खोकला.

रविवार, १९ ऑक्टोबर

दुपारी निनाद शरयूला घेऊन औषध आणायला गेला. घरात मी आणि बाबा. ते गॅलरीत बसून गुडघ्याची पट्टी बदलत होते. मी कात्री धरली.

म्हटलं, “बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला काय वेळ सांगितली होती?”

“एक-पन्नास.”

“नक्की?”

“नक्की. तू एक-पन्नास म्हणालीस, मी मनात तीन-वीस धरून चाललो. कुठून आलं ते तीन-वीस, देव जाणे.”

“चिठ्ठीवर काय होतं?”

त्यांनी पट्टीचं टोक दाताने धरलं होतं. ते सोडलं. माझ्याकडे बघितलं.

“चिठ्ठी होती का?”

मी त्यांचा चेहरा बघत राहिले. एकतीस वर्षं बघते आहे. ते खोटं बोलतात तेव्हा डावी भुवई थोडी वर जाते — आईला मासळीचा भाव कमी सांगताना जायची. भुवई हलली नाही.

“आणि तुमचा हिशेब? पुनवेचा? पावणेदोन म्हणाला होतात.”

“मी?” ते हसले. थकलेलं हसू. “असं म्हणालो असतो तर अडकलो असतो का गं? बत्तीस वर्षं पाण्यावर काढलेला माणूस. नाही केतू, ते आता गेलं. मी रोज सकाळी उठून ते परत परत आठवून बघतो. दर वेळी एक-पन्नासच ऐकू येतं, तुझ्या आवाजात.”

तेरा दिवस मला वाटत होतं, दोघांनाही खरं माहिती आहे आणि एकजण दुसऱ्याला सांभाळतो आहे. आता मला तसं म्हणता येत नाही. त्यांनी ती गोष्ट निनादला सांगितली, दादाला सांगितली, त्या बाईला माझ्या तोंडून सांगितली. मी एकदाही दुरुस्त केली नाही. चुकीचं ड्रॉइंग मशीनवर राहिलं की त्यानंतरचा प्रत्येक भाग त्याच मापाचा निघतो. मग कोणीतरी मोजून बघतं आणि म्हणतं, मशीनच खराब आहे.

पट्टी बांधून झाली. त्यांनी विचारलं, “कात्री कुठे ठेवू?”

रोज तिसऱ्या खणात ठेवतात. आज विचारलं.

सोमवार, २० ऑक्टोबर

बाबा,

ही वही तुमच्या टेबलावर ठेवून कामावर जाते आहे. ७ तारखेपासून वाचा. चिठ्ठी शेवटच्या पानाला चिकटवली आहे. अक्षर माझं आहे. तीन-वीस मी लिहिलं. पावणेदोन तुम्ही म्हणाला होतात. पाणी एक-पन्नासला आलं.

निनादला पहाटे अभ्यंगाआधी सांगितलं. दादाला लिहून पाठवलं. आरोग्य केंद्रालाही आज फोन करून माझं उत्तर बदलून देते.

तिकीट पक्कं केलेलं नाही. राहायचं की जायचं, आणि गेलात तर कुठे, हे तुम्हीच ठरवायचं आहे. शुक्रवार, २४ तारखेला संध्याकाळी सहापर्यंत मला सांगा. इथेच खाली लिहिलंत तरी चालेल.

केतकी